लेण्याची गोधडी

बायको घरी यावी म्हणून माणसं काय काय करत असतील ते असो, मी अजिंठ्याचं एकोणीस नंबरचं लेणं शिवायला घेतलं होतं. हे कुणाला सांगितलं की तो आधी माझ्या डोळ्यांकडे बघतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना, अशी शंका त्याला येत असावी. त्यापेक्षा पहिल्यापासून सांगतो.

मी लेडीज टेलर. जळगावात, पिंप्राळ्यात, घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान. चाळीस वर्षांत किती ब्लाऊज शिवले असतील ते देव जाणे, आणि आम्ही देव मानत नाही, त्यामुळे ते कुणालाच ठाऊक नाही. आता शिलाई कमी झाली. पोरी तयार ब्लाऊज घेतात, मग ते अंगाला बसत नाहीत, मग माझ्याकडे बाह्या आत घ्यायला येतात. दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करण्यात माझं म्हातारपण चाललं आहे, आणि ते मला मनापासून आवडत नाही.

तीन वर्षांपूर्वी बायको सुनेच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली. तीन महिन्यांसाठी. मग सुनेची रजा संपली. मग नात रांगायला लागली, तेव्हा तिच्यामागे माणूस हवा. मग चालायला लागली, तेव्हा तर हवाच हवा. कारणं सगळी खरी होती, हाच तर त्रास होता. खोटी असती तर निदान भांडता आलं असतं. मधूनमधून ती चार-चार दिवसांसाठी यायची, मसाल्याचे डबे उन्हात घालायची, माझे फाटके बनियन पोछ्याला लावायची आणि जायची. मुलगा फोनवर विचारायचा, "बाबा, आईला कधी पाठवताय?" जणू ती पुण्याचीच होती आणि मी चार दिवस उसनी आणली होती.

मला एकच गोष्ट आतून खात होती. ती अडकली म्हणून तिथे होती की तिला तिथे बरं वाटत होतं? तिकडे लिफ्ट होती, खाली बाग होती, बागेत तिच्या वयाच्या बायका होत्या. इकडे मी, ऊन आणि मशीनची खडखड. मी तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती खरं सांगणार, आणि खरं ऐकायची माझी छाती नव्हती. त्याऐवजी मी रागावून राहायचो. फोन आला की "हं, हं" करायचो आणि ठेवला की दिवसभर तोच फोन मनात परत लावायचो.

एक दिवस ती फोनवर तिच्या अहिराणीत म्हणाली, "तो लेणीमातला फोटो धाडी द्या. आठे आपली भिंत मोकळी दिसी ऱ्हायनी."

तो फोटो आमच्या लग्नानंतरचा. एसटीने अजिंठ्याला गेलो होतो, तिथल्या फोटोवाल्याने काढला होता. मागे लेण्याची ती मोठी कमानदार खिडकी आणि पुढे आम्ही दोघं, डोळे मिटलेले. फोटोचं काही नाही, पण 'आठे', म्हणजे इथे, पुण्यात, 'आपली भिंत' हे शब्द मला लागले. आपली भिंत इथे होती. पोपडे आले होते तिला, पण आपली होती.

मी म्हणालो, "फोटो नाही मिळायचा. मी शिवून देतो."

"काय शिवीसन देतस?"

"लेणं."

ती हसली. माझं म्हणणं तिने खरं धरलं नाही, म्हणून मी ते खरं केलं. आमच्या घरात बरीच कामं अशीच झाली आहेत.

दुकानात कातरणीची चार पोती होती. ब्लाऊज कापून उरलेले तुकडे मी कधी टाकले नाहीत. पण उघडून बघतो तर काय, सगळा पोपटी, राणी, मोरपंखी नि जांभळा बाजार. अख्ख्या जळगावच्या बायकांना दगडाच्या रंगाचा ब्लाऊज घालावासा वाटला नव्हता. शेवटी अस्तरांच्या तुकड्यांत मातकट, चॉकलेटी सापडलं, आणि शाळेच्या गणवेशाची खाकी. डोंगर खाकीचा केला. लेणं अस्तराचं. आतला अंधार तिच्या एका जुन्या काळ्या साडीचा, त्यात अस्तराचा स्तूप. ती साडी कापताना जरा भीती वाटली, पण पुण्यापर्यंत कात्रीचा आवाज जात नाही.

खिडकीची कमान काढायला बसलो तर मला हसू आलं. ती कमान म्हणजे उलटा धरलेला ब्लाऊजचा मटका गळा. वर फुगीर, खाली येता येता आत वळलेली. मटका गळ्याचा पुठ्ठ्याचा साचा माझ्याकडे खुंटीला टांगलेलाच होता. तो उलटा ठेवला, खडू फिरवला, थोडा वाढवला आणि झाली की खिडकी. ज्यांनी ती डोंगरात कोरली त्यांना काय काय कष्ट पडले असतील, आणि मी चहा निवायच्या आत उरकली.

बाकीचं दर्शनी अंगही भराभर झालं. आम्हा ब्लाऊजवाल्यांचा हात दुहेरी कापडावर चालतो. कापडाची घडी घालायची, अर्ध्याचंच माप टाकायचं, कापायचं, उलगडलं की दोन्ही बाजू सारख्या. तसेच खांब कापले, तशाच कोनाड्यातल्या उभ्या मूर्ती. फोटोच्या डाव्या कडेला कुणाचातरी दुमडलेला पाय दिसत होता, बाकीचा माणूस फोटोबाहेर. मला आठवलं, तिथे एक राजा आणि राणी बसलेली होती, राजाच्या डोक्यावर नागाचा फणा. राजा डावीकडे आहे म्हटल्यावर राणी उजवीकडे असणार, हे मी विचारसुद्धा न करता धरलं. बाही एका अंगाला असते का कधी? एका बाजूला राजा बसवला, दुसऱ्या बाजूला राणी, मधे दार. टेप लावून बघितलं, दाराच्या मध्यापासून दोघं अगदी सारख्या अंतरावर.

तेवढ्यावर मी व्हिडिओ कॉल केला. मोठ्या ऐटीत केला, खोटं कशाला बोलू.

तिने बराच वेळ बघितलं. नातीला बाजूला केलं, चष्मा लावला, परत बघितलं. मग म्हणाली, "अहो, हाई काय करं तुम्ही? त्या दोन्ही जोडेजोडे बठेल व्हतात ना! एकच बाजूले. दूर कसाले बठाडात त्यासले?"

"फोटोत दिसत नाही तसं."

"फोटोमा नही दिसस. मी देखेल शे. त्यासना समोर बसीसन आपुन भाकर खादी."

मला काहीच आठवेना. मी त्या दिवशी लेण्याच्या पुढे उभा राहून खिडकीच्या वळणाला किती वीत कापड लागेल याचा हिशेब करत होतो, तेवढं आठवतं. नवीन बायको शेजारी आणि मी गळा बघतोय. ती मात्र त्या शेजारीशेजारी बसलेल्या दोघांकडे बघत भाकरी खात होती, आणि एवढ्या वर्षांनी तिला ती बसण्याची जागासुद्धा पाठ होती.

फोन ठेवल्यावर मी परत टेप हातात घेतला. ती त्या दगडातल्या दोघांबद्दलच बोलली होती, यात शंका नाही. तिला आडून बोलायची सवय नाही. पण मी तीन वर्षं पिंप्राळ्यात बसलो होतो आणि ती पुण्यात, आणि मधे एवढं मोठं दार. मला तिची फार आठवण आली. रागात गुंडाळलेली नाही, नुसती आठवण.

मी राणीला उसवलं आणि राजाशेजारी आणून बसवलं. उजवी बाजू ओकीबोकी दिसायला लागली. दिसू दे म्हटलं.

मग गोधडीसाठी खाली जुन्या साड्यांचे चार थर घातले आणि सगळं मशीनखाली सरकवलं, आणि तिथे माझी चाळीस वर्षांची विद्या संपली. मशीनचे दाते खालचे थर ओढून नेत आणि पायाखालचं वरचं कापड मागे राही. चार हात शिलाई झाली नाही तोच खिडकी तिरकी झाली, स्तूपाला सुरकुत्या पडल्या. दोन सुया मोडल्या. मी सगळं परत उसवलं आणि रविवारी तिला सांगितलं.

"मशीनवर व्हवाव नही ती," ती म्हणाली. "हातवर शिवनी पडी."

"मला कुठे येते गोधडी शिवायला?"

मागे नात काहीतरी आपटत होती. मग तिने सुनेला हाक मारून विचारलं, तुझी आई सुटीत येणार आहे ना? सुनेची आई शाळेत शिकवते, तिला मे महिना मोकळा. आणि मला म्हणाली, "मी येसू. आठ दिवस."

जळगावात मे महिन्यात गोधडी शिवणारी माणसं आमच्याशिवाय कुणी नसतील. बाहेर डांबर वितळत होतं. आम्ही दारं लावून, पडदे ओले करून, कूलरसमोर चार थरांचं ते बाड पसरून बसायचो. बघायला आलेल्या शेजारणी पदराने वारा घेत विचारायच्या, "काकू, पुण्यात फार थंडी पडली का?" ती गालातल्या गालात हसायची आणि सुई ओवायची.

तिने मला धावदोरा शिकवला. एवढा आयुष्यभर शिवत आलेला माणूस, पण माझे टाके तिच्यापुढे बाळबोध दिसत. गोधडी कडेने धरायची, चारी बाजूंनी एक ओळ पुरी करायची, मग बोटभर आत दुसरी. अशी ओळीमागून ओळ आत आत जात मध्यावर संपते. दोन बाजू तिच्या, दोन माझ्या. बोलणं फारसं होत नव्हतं. तिला नातीचं काही आठवलं की सांगायची; मग सुई ओढल्याचा आवाज तेवढा यायचा. मी कधी नव्हे एवढा सुखात होतो आणि त्याच वेळी दिवस मोजत होतो.

आठवा दिवस आला. मुलाचा फोन आला, "बाबा, आईचं तिकीट काढू ना उद्याचं?"

फोन तिने घेतला. "नको काढू," ती म्हणाली, "गोधडी व्हई गयी का मंग येसू. आमना सोनगीरनी रीत शे. जी बाई पहिला टाका घाली, तिनी गोधडी पुरी व्हस तोपावत घर सोडानं नही."

सोनगीर म्हणजे तिचं माहेर, धुळ्याच्या पुढे, हायवेवर. मुलाने पलीकडे काहीतरी कुरकुर केली असेल, पण रीत म्हटल्यावर तो काय बोलणार? चाळीस वर्षांत ही रीत माझ्या कानावर आली नव्हती. पण माहेरच्या रीती बायका गरजेप्रमाणेच काढतात, एकदम सगळ्या सांगत नाहीत, म्हणून मी मान डोलावली.

आणि त्या दुपारपासून मी चोरी करायला लागलो. ती जेवण करून कूलरसमोर आडवी झाली, तिचा डोळा लागला, की मी ब्लेडचं पान घेऊन माझ्या बाजूची सकाळची अर्धी ओळ उसवायचो. दोरे मुठीत घेऊन कातरणीच्या पोत्यात. भोकं राहू नयेत म्हणून नखाने कापड चोळायचो. ती उठली की परत तिथूनच सुरू. लाज वाटत नव्हती का? वाटत होती. तिकडे लेक नोकरी करून दमत होता, सुनेची आई स्वतःची सुटी घालवून नातीमागे धावत होती, आणि इकडे हा म्हातारा दोरे उसवतोय. पण एक ओळ म्हणजे एक दिवस, आणि माझा हात थांबायचा नाही.

पंधराएक दिवस झाले असतील. दोरा संपला. आमच्याकडचा दोरा तिला पसंत नव्हता, धुळ्यात एका दुकानात जाड सुती दोरा मिळतो, तोच हवा होता. मी सकाळच्या गाडीने धुळ्याला गेलो, दोरा घेतला आणि एवढं आलोच आहे तर सोनगीरला जाऊन अक्कांना भेटून येऊ म्हटलं. अक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण. मनात दुसरंही एक होतं. रीत आहे तर शेवटच्या टाक्याला काही करायचं असेल, कुणाला बोलवायचं असेल, ते विचारून घ्यावं. चोरी करणाऱ्यालाच शास्त्राची फार काळजी असते.

अक्का ओट्यावर सावलीला बसून डाळ निवडत होत्या. मी पाणी प्यायलो, इकडचं तिकडचं बोललो आणि विचारलं.

"कोन सांगं तुमले असं?" अक्का खो खो हसायला लागल्या. "आपला सोनगीरमा अशी काही रीत नही शे! मी अर्धी गोधडी सोडीसन मुंबईले जाई उनू."

मी रिकामा पेला खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. हसणं हळूहळू थांबलं. हातातली डाळ त्यांनी सुपात सोडली.

"तिनी सांगं का?"

"हो."

अक्कांनी सूप बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "मंग शे. तिनी सांगं, मंग रीत शेच."

परतीच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळाली. पारोळा कधी गेलं, एरंडोल कधी गेलं, कळलं नाही. जे विचारायला तीन वर्षं जीभ रेटली नव्हती त्याचं उत्तर मला मिळालं होतं, आणि ते मला हवं तेच होतं. डोळे भरून येत होते. शेजारच्या माणसाने विचारलं तर ऑपरेशन झालं आहे म्हणून सांगितलं.

घरी पोचलो तेव्हा ती तिच्या बाजूला बसून शिवत होती. मी दोऱ्याची गुंडाळी पुढे ठेवली.

"सोनगीरला जाऊन आलो," मी म्हणालो.

तिची सुई कापडातच थांबली. वर न बघता तिने विचारलं, "मंग? काय म्हने अक्का?"

"काही नाही. बऱ्या आहेत. डाळ निवडत होत्या."

सुई पुढे चालू झाली. दोन-तीन टाके तिने जरा लांबच घातले, एरवी ती तसे घालत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. ती आडवी झाली नाही. मशीनच्या खणातून तिने माझं ब्लेडचं पान काढलं आणि माझ्या हातावर ठेवलं.

"आज मनी बी एक ओळ उसवी टाका," ती म्हणाली. "वाकडी गयी."

म्हणजे तिला पहिल्या दुपारपासून माहीत होतं. डोळे मिटून ती ऐकत पडलेली असायची. मी तिची ओळ बघितली. चाळीस वर्षांत मी एवढी सरळ ओळ बघितली नव्हती. मी खाली वाकलो आणि ती उसवायला लागलो, आणि ती शेजारी बसून निघालेले दोरे एकेक करून बोटाला गुंडाळत राहिली. आम्ही दोघंही काही बोललो नाही. बोललो असतो तर मग ठरवावं लागलं असतं, आणि ठरवण्यासारखं आमच्या हातात काही नव्हतं.

त्यानंतर चौथ्या दिवशी नातीला ताप आला. सुनेची आई घाबरली, सून रडत होती, आणि पोरगी तापात आजीलाच मागत होती. मुलगा या वेळी 'पाठवताय' म्हणाला नाही, "आई, येशील का?" एवढंच म्हणाला. रीतीचं नाव कुणी काढलं नाही. मीच तिची पिशवी भरली.

बस लागली होती. पायरीवर एक पाय ठेवून ती मागे वळली. "गोधडीले हात नका लावा," ती म्हणाली. "मधलं उघडंच ऱ्हाऊ द्या. मी येसू."

नात बरी झाली. भिंत तिकडे अजून मोकळीच आहे. इकडे गोधडी पलंगावर पसरलेली असते, बायकोच्या बाजूला तिची सुई दोऱ्यासकट टोचलेली आहे, आणि मी रोज गोधडीवरची धूळ झटकतो. रविवारी फोन येतो. मुलगा कधीतरी मधेच विचारतो, "झाली का हो ती गोधडी?" आणि इथून मी, तिथून ती, दोघंही एकदम 'नाही' म्हणतो.

मला वाटलं होतं, तिलाही यायचं आहे हे एकदा कळलं की एकटं राहणं सोपं जाईल. तसं झालं नाही. आधी निदान राग सोबतीला होता, त्याच्याशी बोलण्यात दिवस जायचा. आता घरात तोही नाही.